तीन भाषांच्या दुकानाची चेकआउट पाने गूगलमध्ये दिसतात. ती कायमची बाहेर कशी ठेवावीत?

शहापूरपेठ

नमस्कार मंडळी. आमचे साड्यांचे दुकान आहे. बेळगावातल्या वडगाव आणि खासबागच्या मागांवर विणलेल्या साड्या पूर्वी आम्ही फक्त पेठेतल्या दुकानातून विकत होतो. आता वर्डप्रेसमधल्या वूकॉमर्स या दुकान चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर उभारलेल्या संकेतस्थळावरूनही विकतो. गिऱ्हाईक खानापूर-निपाणीचे असते तसे हुबळी-धारवाडचे असते, कोल्हापूरचे आणि गोव्याचेही असते, म्हणून संकेतस्थळ मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत ठेवले आहे.

अडचण अशी आहे, की गूगलवर दुकानाचे नाव टाकले की मुखपृष्ठाच्या खालोखाल “ऑर्डर पूर्ण करा” हे मराठी चेकआउट पान, म्हणजे माहिती भरून खरेदी पुरी करण्याचे पान, येते. तेथे गेलेल्या माणसाला वर दुकानाचे नाव, खाली पत्ता आणि मध्ये काहीच नाही, असे कोरे पान दिसते. नवखे गिऱ्हाईक तेथूनच माघारी फिरते. कन्नड चेकआउट पानाचीही तीच गत आहे. इंग्रजी चेकआउट पान मात्र शोधात कधीच आलेले नाही, आणि त्याचे कारण मला उमगत नाही.

ज्यांनी संकेतस्थळ तयार करून दिले त्यांना हे कळवले, तेव्हा त्यांनी शोधयंत्रांनी कोणते पत्ते वाचू नयेत हे सांगणाऱ्या रोबोट्स.टीएक्सटी या फाइलमध्ये या सर्व पानांच्या पत्त्यांना मनाई घातली. त्याला बरेच आठवडे झाले, तरी पाने गेलेली नाहीत. उलट, मराठी पानाच्या शीर्षकाखाली पूर्वी जो दोन ओळींचा मजकूर दिसत असे, त्याच्या जागी “या पानाविषयी माहिती उपलब्ध नाही” अशा अर्थाची ओळ येऊ लागली आहे.

याच्याशी जोडलेला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑर्डर झाल्यावर आभाराचे जे पान उघडते, त्यावर गिऱ्हाइकाचे नाव, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक असतो. तेही असेच कोणाच्या शोधात येऊ शकते का? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

टिळकवाडी

रोबोट्स फाइलमध्ये मनाई असेल तर ते पान गूगल घेतच नाही. बहुधा फाइलची जुनी प्रत वाचली जात असावी. आणखी थोडे थांबून पाहावे.

मार्कंडेय

टिळकवाडी यांच्या उत्तराशी मी सहमत नाही, आणि या ठिकाणी थांबून काहीही होणार नाही. गूगल रोबोट्स फाइलची प्रत साधारणपणे २४ तासांपेक्षा जास्त काळ जवळ ठेवत नाही, तेव्हा काही आठवडे जुनी फाइल वाचली जात आहे हे संभवत नाही.

मूळ गोष्ट अशी, की पान वाचणे आणि पान इंडेक्समध्ये, म्हणजे शोधात दाखवायच्या पानांच्या नोंदीत, ठेवणे ही शोधयंत्राची दोन वेगवेगळी कामे आहेत. रोबोट्स फाइल फक्त पहिल्या कामाविषयी बोलते. हा संकेत १९९४ पासून चालत आलेला आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तो आरएफसी या इंटरनेटच्या प्रमाण-मालिकेत ९३०९ या क्रमांकाने प्रमाण म्हणून लिहिला गेला. पण १९९४ मध्ये काय आणि २०२२ मध्ये काय, त्याचा विषय “कोणते पत्ते आणायला येऊ नये” एवढाच राहिला. एखाद्या पत्त्याकडे संकेतस्थळावरून किंवा बाहेरून दुवा जात असेल, तर गूगल ते पान न उघडताही नुसता पत्ता आणि दुव्यावरचे शब्द एवढ्यावर त्याची नोंद ठेवू शकते. आपल्याला दिसणारी “माहिती उपलब्ध नाही” ही ओळ नेमकी तेच सांगते. सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पानांचा अहवाल उघडलात, तर हे पत्ते “रोबोट्सने अडवलेले असूनही इंडेक्स झालेले” या सदरात सापडतील.

पान इंडेक्सबाहेर ठेवायचे असेल, तर त्यासाठी “नोइंडेक्स” ही सूचना लागते. ती पानाच्या शीर्षभागात मेटा रोबोट्स टॅग म्हणून देता येते, किंवा सर्व्हरकडून पानाबरोबर जाणाऱ्या एक्स-रोबोट्स-टॅग या हेडरमध्ये देता येते. दोन्हींचे वजन सारखेच आहे. पण ती सूचना पानाबरोबर येते, म्हणून क्रॉलरने, म्हणजे शोधयंत्रासाठी पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामने, पान उघडले तरच त्याला ती कळते. दारावर पाटी लावायची आणि गल्लीच्या तोंडालाच अडसर टाकायचा, तर पाटी वाचणार कोण? रोबोट्स फाइलमधली मनाई आणि पानावरचे नोइंडेक्स एकाच पत्त्याला एकाच वेळी लावले, तर मनाईमुळे नोइंडेक्स निकामी होते. माझ्या पाहण्यात ही चूक इतर सर्व चुकांपेक्षा अधिक वेळा आली आहे, कारण दोन कुलपे लावली तर घर अधिक सुरक्षित होईल, अशी स्वाभाविक समजूत असते.

काही जुन्या लेखांत नोइंडेक्सची ओळ रोबोट्स फाइलमध्येच लिहावी असा सल्ला आढळतो. गूगलने तो प्रकार कधीच अधिकृतपणे सांगितलेला नव्हता आणि १ सप्टेंबर २०१९ पासून त्याची दखल घेणेही थांबवले. तेव्हा तो मार्ग नाही.

आता इंग्रजी पान का सुटले, याकडे येतो. वूकॉमर्स कार्ट, चेकआउट आणि माझे खाते या तीन पानांना स्वतःहून नोइंडेक्स लावते. मात्र ही तीन पाने ते नावावरून किंवा मजकुरावरून ओळखत नाही. सेटिंग्जमध्ये ज्या पानाची निवड केलेली असेल त्याचा अंतर्गत क्रमांक पाहते आणि तेवढ्याच पानावर सूचना लावते. आपली मराठी आणि कन्नड पाने इंग्रजी पानाच्या प्रती काढून, त्यांत चेकआउटचा शॉर्टकोड (अर्ज पानावर आणणारी छोटी खूण) चिकटवून तयार केली असावीत, असा माझा अंदाज आहे. तसे असेल, तर वूकॉमर्सच्या लेखी ती “आमच्याविषयी” पानासारखीच दोन साधी पाने आहेत. ऑर्डर मराठी पानावरून केली तरी आभाराचे पान इंग्रजीत उघडते का, हे कृपया पाहून कळवावे. उघडत असेल, तर हा अंदाज बरोबर आहे, कारण आभाराच्या पानाचा पत्ता वूकॉमर्स आपल्या नोंदीतल्या चेकआउट पानावरूनच तयार करते.

शहापूरपेठ

आपण म्हणता तसेच आहे. वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये चेकआउट म्हणून इंग्रजी पानाचे नाव आहे. मराठी आणि कन्नड पाने यादीत वेगळी उभी आहेत आणि दोन्हींत फक्त शॉर्टकोड आहे. आभाराचे पान इंग्रजीतच उघडते. ते भाषांतर करायचे राहून गेले असावे, एवढेच आजवर आम्ही समजत होतो.

मराठी पानाचा मूळ कोड ब्राउझरमध्ये उघडून पाहिला. त्यात नोइंडेक्स कोठेही नाही. इंग्रजी पानाचा पत्ता लिहिला, तर कार्ट रिकामी असल्यामुळे ते मला कार्टच्या पानावर नेते, आणि तेथे नोइंडेक्स आहे. मराठी पान मात्र कोठेही नेत नाही, कोरेच उघडते.

आणखी एक गोष्ट यात मिसळलेली आहे की काय, अशी शंका येते. मराठी पानावरून ऑर्डर करणाऱ्यांपैकी काहींचे फोन येतात, की सर्व माहिती भरल्यावर “ऑर्डर पूर्ण करता आली नाही, पुन्हा प्रयत्न करा” असा संदेश येतो. इंग्रजी पानावरून अशी तक्रार आलेली नाही.

मार्कंडेय

मिसळलेली आहे, आणि मुळाशी कारण एकच आहे.

वूकॉमर्स त्या तीन पानांसाठी एकाहून अधिक गोष्टी करते. नोइंडेक्स लावते, कार्ट रिकामी असेल तर चेकआउटवरून कार्टवर पाठवते, आणि पान कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा दाखवण्यासाठी ठेवलेल्या तयार प्रतींत, साठवू नये असेही ते काम करणाऱ्या जोड-प्रोग्रामला (कॅश प्लगइनला) आणि ब्राउझरला कळवते. या तिन्ही वेळी ते पानाचा क्रमांकच पाहते. आपल्या मराठी पानाला यांपैकी काहीच लागू नाही. क्रॉलर कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) जवळ बाळगत नाही, त्याची कार्ट नेहमीच रिकामी असते. त्यामुळे त्याला इंग्रजीत कार्टकडे जाणारा रस्ता मिळतो आणि मराठीत कोरे पान मिळते, तेच पान आपण शोधात पाहता.

कॅश प्लगइनलाही मराठी पान साधेच वाटते आणि ते त्याची प्रत ठेवण्याचा धोका राहतो. चेकआउटच्या अर्जात एक गुप्त पडताळणी-चिन्ह असते, जे ठरावीक काळाने निरुपयोगी होते. शिळी प्रत मिळालेल्या गिऱ्हाइकाचे चिन्ह सर्व्हर नाकारतो आणि आपण लिहिलेला संदेश दिसतो. चांगले कॅश प्लगइन कार्टची कुकी पाहून बाजूला होतात, म्हणून तक्रार सर्वांची नसून काहींचीच आहे, असे मला वाटते. पण याहून गंभीर शक्यता अशी, की लॉगिन केलेल्या एका गिऱ्हाइकाचा भरलेला अर्ज प्रत म्हणून दुसऱ्याला मिळेल. ते आपल्याकडे झाले आहे असे मी म्हणत नाही. पण होऊ शकते एवढे कारण ही दुरुस्ती आजच करण्यास पुरेसे आहे.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो नीट सांगतो. प्रथम, बहुभाषिक प्लगइनबरोबर वूकॉमर्ससाठी वेगळा जोड-प्लगइन मिळतो. तो बसवून मराठी आणि कन्नड पाने इंग्रजी चेकआउटची भाषांतरे म्हणून जोडावीत, म्हणजे त्या त्या भाषेत वूकॉमर्सला त्यांचाच क्रमांक मिळेल आणि वरच्या तिन्ही गोष्टी आपोआप लागू होतील. जोपर्यंत ते होत नाही, तोपर्यंत एसईओ (शोधात संकेतस्थळ कसे दिसावे हे पाहणाऱ्या) प्लगइनमध्ये प्रत्येक पानाच्या खाली “शोधयंत्रांना हे पान दाखवू द्यावे का” असा पर्याय असतो, तेथे नाही म्हणावे, आणि कॅश प्लगइनच्या वगळण्याच्या यादीत हे दोन पत्ते घालावेत. त्यानंतर रोबोट्स फाइलमधली या पानांवरची मनाई काढावी. मनाई काढताना पुष्कळांचा हात अडखळतो, पण ती काढल्याशिवाय बाकीचे व्यर्थ आहे. त्याच वेळी साइटमॅपमधून (शोधयंत्रांसाठीच्या पानांच्या यादीतून) आणि मेनूमधून ही पाने काढावीत. मेनू स्वतंत्रपणे बांधलेला नसेल, तर वर्डप्रेसच्या काही थीम (मांडण्या) प्रकाशित पानांची यादीच मेनू म्हणून दाखवतात. आपल्या “ऑर्डर पूर्ण करा” या पानाकडे गूगल बहुधा तेथूनच पोचले असेल.

एवढे झाल्यावर सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत पत्ता टाकून थेट चाचणी घ्यावी. “नोइंडेक्समुळे इंडेक्स करता येत नाही” असे उत्तर आले, तर ते हवे तेच उत्तर आहे. मग तेथूनच इंडेक्सिंगची विनंती करावी. बाहेर काढायच्या पानासाठी आत घेण्याची विनंती करणे विचित्र वाटेल, परंतु त्यामुळे क्रॉलर लवकर येतो आणि सूचना वाचतो. एरवी अशा बिनमहत्त्वाच्या पानाकडे तो काही महिने फिरकत नाही, असेही होते.

संकेश्वरी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी संकेश्वरी मिरची आणि घरगुती मसाले शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या तयार सेवेवर विकतो. तेथे रोबोट्स फाइल आधीच तयार मिळते आणि तिच्यात चेकआउटला मनाईच आहे. मार्कंडेय यांच्या म्हणण्याप्रमाणे ती चूक ठरते का?

चंदगडरोड

चूक ठरत नाही. शॉपिफायच्या मूळ फाइलमध्ये कार्ट, चेकआउट आणि ऑर्डर यांचे पत्ते अडवलेले असतात, आणि तेथील चेकआउटचा पत्ता प्रत्येक खरेदीसाठी नवीन तयार होतो. त्या पत्त्याकडे बाहेरून कोणी दुवा देत नाही, म्हणून तो इंडेक्समध्ये शिरण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. जून २०२१ पासून शॉपिफाय ही फाइल बदलण्याची मुभा देते, पण आपल्यासारख्या लहान दुकानाने तिला हात न लावणे बरे. मनाई काढण्याचा सल्ला ज्या पानाची नोंद आधीच झाली आहे त्याच्यासाठी आहे.

मलप्रभा

मार्कंडेय यांचे विवेचन मला पटले, तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. चेकआउटच्या चर्चेत रोबोट्स फाइल अगदीच कुचकामी आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

वूकॉमर्समध्ये “कार्टमध्ये टाका” या बटणामागे एक पत्ता असतो, त्यात प्रश्नचिन्हानंतर वस्तूचा क्रमांक जोडलेला असतो. वस्तूंच्या प्रत्येक यादीत, रंगाच्या आणि किमतीच्या प्रत्येक गाळणीत (फिल्टरमध्ये) आणि प्रत्येक भाषेत हे पत्ते पुन्हा तयार होतात. साड्यांच्या दुकानात रंग, काठ, पदर, सूत अशा गाळण्या असतात, त्यांचा तिनाने गुणाकार केला म्हणजे पत्त्यांची संख्या किती फुगते हे सहज ध्यानात येईल. क्रॉलर हे पत्ते उघडत राहिला, तर प्रत्येक वेळी सर्व्हर त्याच्यासाठी कार्ट तयार करतो, आणि हे काम कॅशमधून भागत नाही. आपल्या भागातली बहुतेक दुकाने स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळांच्या एकाच सर्व्हरवर, आहेत. सणाच्या आधी संकेतस्थळ मंदावते तेव्हा आपण गिऱ्हाइकांची गर्दी झाली असे समजतो, आणि सर्व्हरची नोंदवही उघडून पाहिली तर क्रॉलरच फेऱ्या मारत असतात.

या पत्त्यांना नोइंडेक्स देऊन भागत नाही, कारण ती सूचना वाचण्यासाठी त्याला प्रत्येक पत्ता उघडावाच लागतो. येथे रोबोट्स फाइलमधली मनाईच योग्य आहे. चेकआउटच्या मोजक्या पानांना नोइंडेक्स आणि कार्टमध्ये टाकण्याच्या असंख्य पत्त्यांना मनाई, अशी विभागणी मी करतो.

मनाई लिहिताना भाषेचा विचार करावा. नियम पत्त्याच्या आरंभापासून जुळवला जातो, म्हणून फक्त चेकआउट असे लिहिले, तर आधी भाषेचे चिन्ह असलेला मराठी पत्ता त्यात येत नाही. आरंभी तारांकन लावले तर तो येतो. पत्ताच देवनागरीत ठेवला असेल, तर ब्राउझरमधून नक्कल करताना तो टक्केचिन्हांच्या लांब साखळीत येतो. ती साखळी तशीच फाइलमध्ये चिकटवावी. शिवाय फाइल प्रत्येक उपडोमेनसाठी (मुख्य पत्त्याआधी वेगळे नाव जोडलेल्या पत्त्यासाठी) वेगळी असते, हेही लक्षात असू द्यावे.

मार्कंडेय

ही विभागणी योग्य आहे, आणि माझ्या उत्तरातली उणीव त्यामुळे भरून निघाली. तिला एक पुस्ती जोडतो. जी दुकाने गूगलच्या मर्चंट सेंटरमध्ये आपल्या वस्तू दाखवतात, त्यांच्याकडे स्टोअरबॉट नावाचा गूगलचा वेगळा क्रॉलर येतो आणि वस्तूच्या पानापासून कार्ट व चेकआउटपर्यंत जाऊन किंमत आणि पोचवण्याचा खर्च जुळतो का ते पाहतो. सर्व क्रॉलरांना सरसकट मनाई केली, तर तोही अडतो. चेकआउट पानांना मनाईऐवजी नोइंडेक्स द्यावे, असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे, कारण नोइंडेक्समुळे त्याची वाट अडत नाही.

खानापूर

शहापूरपेठ यांचा दुसरा प्रश्न अजून अनुत्तरित आहे आणि माझ्या मते तोच या चर्चेतला मुख्य प्रश्न आहे. कोरे चेकआउट पान शोधात आले, तर दुकानाची शोभा जाते. ऑर्डरचे पान शोधात आले, तर कोणाच्या तरी घराचा पत्ता उघडा पडतो. आपल्याकडे लोक पत्ता लिहितात तो अमक्या गल्लीत, तमक्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी असा. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात नाव आणि गल्ली एवढे कळले, की माणूस सापडतो. कोणत्या बाईंनी कोणत्या तारखेला केवढ्याची साडी मागवली, हे तिच्या घरच्यांनाही ठाऊक असेलच असे नाही, आणि ते जगाला कळवण्याचा दुकानदाराला अधिकार नाही.

हे केवळ भय नाही. जुलै २०११ मध्ये रशियात यांडेक्स या शोधयंत्रावर अनेक ऑनलाइन दुकानांच्या ऑर्डरची पाने दिसू लागली. ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांनी काय मागवले होते, हे सर्व कोणालाही वाचता येत होते, आणि त्यांत लोक ज्याची वाच्यता करत नाहीत अशा वस्तूंची दुकानेही होती. त्याच्या आधी काहीच दिवस मेगाफोन या दूरसंचार कंपनीच्या संकेतस्थळावरून पाठवलेले लघुसंदेश तसेच उघडे पडले होते. त्या पानांना लॉगिन नव्हते; लांबलचक पत्ता कोणाला ठाऊक होणार नाही, एवढ्याच भरवशावर ती उघडी ठेवलेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सअॅपच्या गटांची निमंत्रणे गूगलच्या शोधात दिसली, तेव्हाही मूळ कारण याच जातीचे होते: ज्यांनी दुवा उघड्यावर टाकला त्यांना तो आपल्यापुरता वाटत होता.

वूकॉमर्समध्ये आभाराच्या पानाच्या पत्त्यात ऑर्डरचा क्रमांक आणि एक यादृच्छिक किल्ली असते. ती किल्ली अंदाजाने ओळखता येत नाही, हे खरे. परंतु पत्ता स्वतःच फिरू लागला, तर किल्लीही त्याच्याबरोबर फिरते. ते पान उघडताच त्यावर बसवलेली जाहिरात आणि मोजणीची प्रत्येक स्क्रिप्ट तो पूर्ण पत्ता वाचू शकते. दुकानातला पोऱ्या “ही ऑर्डर बघा” म्हणून दुवा कोठेतरी सार्वजनिक पानावर चिकटवतो. म्हणून नोइंडेक्स येथे आवश्यक आहे, पण पुरेसे मुळीच नाही. नोइंडेक्स ही शोधयंत्राला केलेली विनंती आहे. गूगल आणि बिंग ती पाळतात, पण पान उघडणाऱ्या इतर कोणावर तिचे बंधन नाही. रोबोट्स फाइलचेही तसेच, आणि तिची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण ती फाइल कोणालाही वाचता येते. गुप्त पत्त्यांची यादी तिच्यात लिहिणे म्हणजे त्या पत्त्यांची जाहिरात करणे होय.

वूकॉमर्सच्या नव्या आवृत्त्यांत खाते असलेल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर पाहण्यासाठी लॉगिन मागितले जाते, आणि पाहुण्या गिऱ्हाइकाला काही मिनिटांनंतर तेच पान पुन्हा उघडायचे असेल, तर ईमेल लिहून पडताळणी करावी लागते. जुनी आवृत्ती असेल, तर ही सोय नसेल. आणि थीममध्ये आभाराचे पान स्वतः लिहून घेतले असेल, तर नवी आवृत्ती असूनही ही सोय बाजूला पडलेली असू शकते. शहापूरपेठ यांनी एक चाचणी अवश्य करावी. एक ऑर्डर करावी, आभाराच्या पानाचा पत्ता उतरून ठेवावा, तासाभराने तो दुसऱ्या फोनवर लॉगिनशिवाय उघडावा. नाव आणि पत्ता दिसला, तर शोधयंत्राचा विचार करण्याआधी तेथे कुलूप लावावे. त्या पानावर पूर्ण पत्ता छापण्याची गरज आहे का, हेही स्वतःला विचारावे. ऑर्डर क्रमांक आणि “तपशील ईमेलवर पाठवला आहे” एवढे पुष्कळ होते.

आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावरच टाकतो, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान दुकानाला तेवढा दंड होईल असे मी सुचवत नाही. परंतु संकेतस्थळ करणाऱ्याने काय केले ते आम्हाला ठाऊक नव्हते, हे उत्तर दुकानदाराला देता येणार नाही.

टिळकवाडी

दोन गोष्टी विचारतो. सर्च कन्सोलमध्ये पान काढून टाकण्याचे जे साधन आहे, ते थेट वापरले तर ही सर्व खटपट वाचणार नाही का? आणि माझ्याकडे कन्सोलकडून “आपली पाने इंडेक्स होण्यास नवीन अडथळा आढळला” अशा आशयाचे ईमेल येतात, त्यांत नोइंडेक्सचाच उल्लेख असतो. तो दोष समजावा का?

मार्कंडेय

ते साधन निकड असेल तेव्हा वापरावे. त्याने पान साधारण एका दिवसात शोधातून लपते, पण सुमारे ६ महिन्यांपुरतेच. तेवढ्या अवधीत नोइंडेक्स लागलेले नसेल, तर ते परत येते. ऑर्डरचे पान दिसत असेल, तर आधी त्याला लॉगिन लावावे, लगेच हे साधन वापरावे, आणि मग बाकीचे काम शांतपणे करावे.

ईमेलविषयी: अडथळा म्हणून ज्या पत्त्यांची यादी दिलेली असते, ती उघडून पाहावी. तीत चेकआउट, कार्ट आणि खाते एवढेच असेल, तर काहीही करू नये. वस्तूंची पाने असतील, तर मात्र त्याच दिवशी लक्ष घालावे. असा ईमेल पाहून घाबरून चेकआउटचे नोइंडेक्स काढून टाकलेली दुकाने मी पाहिली आहेत.

शहापूरपेठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जोड-प्लगइन बसवून तिन्ही भाषांची चेकआउट, कार्ट आणि खात्याची पाने एकमेकांशी जोडली. आता मराठीत रिकाम्या कार्टने चेकआउट उघडले, तर मराठी कार्टवरच नेते, आणि आभाराचे पानही मराठीत उघडते. मनाई काढली, कार्टमध्ये टाकण्याच्या पत्त्यांना मात्र मलप्रभा यांनी सांगितल्याप्रमाणे घातली. मराठी पान शोधातून गेले आहे. कन्नड पान अजून दिसते, पण थेट चाचणीत नोइंडेक्स असल्याचे दाखवते. ऑर्डर न होण्याचे फोनही थांबले आहेत.

खानापूर यांनी सांगितलेली चाचणी केली. दुसऱ्या फोनवर ईमेल विचारले गेले, त्यामुळे जीव भांड्यात पडला. तरीही पूर्ण पत्ता त्या पानावरून काढून टाकण्यास सांगितले आहे.

हे करताना एक नवीन गोष्ट समोर आली. संकेतस्थळ तयार होत असताना “टेस्ट” नावाच्या उपडोमेनवर त्याची प्रत ठेवलेली होती, ती अजून चालू आहे आणि तिच्यात जुन्या ऑर्डरही आहेत. तिला वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधली “शोधयंत्रांना परावृत्त करा” ही खूण केलेली आहे. तेवढे पुरे आहे का?

खानापूर

पुरे नाही. वर्डप्रेस ५.३ पासून, म्हणजे २०१९ च्या अखेरीपासून, ती खूण पानांवर नोइंडेक्स लावते, एवढेच. पान उघडण्यापासून ती कोणालाही रोखत नाही. त्या प्रतीतल्या ऑर्डर आजच काढून टाकाव्यात आणि राहिलेल्या प्रतीला सर्व्हरवरूनच पासवर्ड लावावा. होस्टिंगच्या नियंत्रण पटलावर फोल्डरला पासवर्ड लावण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, त्यासाठी संकेतस्थळ करणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत कामाची उरली नसेल, तर तिचा डेटाबेससुद्धा पुसावा. नुसते उपडोमेन बंद केले, तर डेटाबेस होस्टिंगवर तसाच पडून राहतो. आणि पुढे कधी त्या प्रतीवरून मुख्य संकेतस्थळ पुन्हा उभे करावे लागले, तर ती खूण काढायला विसरू नये, नाहीतर चेकआउटबरोबर साड्यांची पानेही शोधातून जातील.

शहापूरपेठ

ऑर्डर काढल्या, पासवर्ड लावला. डेटाबेस पुसण्याआधी मुख्य संकेतस्थळाची पूर्ण प्रत उतरून घेत आहोत. कन्नड पान गेले की येथे कळवतो.